वसईचा धर्मग्राम आणि पाण्याचा प्रश्न

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजसेवेचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम मिरजेच्या रुग्णालयाकडे, अहमदनगरच्या मिशनशाळांकडे अथवा पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाकडे वळते. या सर्व ठिकाणी सेवेची दिशा एकच होती. धर्मप्रेरणेने आलेली एखादी संस्था भोवतालच्या पीडितांना आधार देई. सेवा करणारा आणि सेवा घेणारा हे दोन निराळे पक्ष असत. वसईच्या किनारपट्टीत ही मांडणी लागू पडत नाही. तेथील ख्रिस्ती मनुष्य हाच वाडी कसणारा शेतकरी वा मासेमारी करणारा कोळी असल्यामुळे गावाचा प्रश्न आणि उपासनामंदिराचा प्रश्न यांमध्ये रेषा ओढणे कठीण जाते. प्रस्तुत लेखात पाण्याच्या प्रश्नाच्या अनुषंगाने या वैशिष्ट्याचे विवरण करावयाचे आहे.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेली कुटुंबे सत्तांतरानंतरही तेथेच राहिली. सामवेदी, वाडवळ व कोळी या समाजांनी धर्म बदलला, परंतु व्यवसाय बदलला नाही आणि बोलीही सोडली नाही. केळी, विड्याची पाने, भाजीपाला व फुले ही वाडीची पिके. मुंबईची बाजारपेठ जवळ. आणि या सर्वांस आधार विहिरीच्या गोड्या पाण्याचा. धर्मग्राम ही संज्ञा वसईत ‘पॅरिश’ या अर्थी रूढ आहे, आणि तिच्यातील ‘ग्राम’ हे पद निव्वळ भाषांतराची सोय नव्हे, असे मला वाटते.

या ग्रामजीवनातून उभी राहिलेली एक लक्षणीय संस्था म्हणजे मॉन्सिन्यर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये स्थापिलेली सहकारी पतपेढी. तिचेच रूपांतर पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेत झाले. येथे दानधर्माची जागा परस्परसाहाय्याने घेतली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला स्थान दिल्यामुळे मिस्साविधी मराठीत होऊ लागला. प्रवचनाची भाषा व बांधावरील भाषा यांतील अंतर त्यामुळे कमी झाले. ‘सुवार्ता’ या मासिकाचे १९८३ ते २००७ या काळात संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे या वातावरणाचे अपत्य होत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील भूजल हे समुद्राला लागून असलेले भूजल आहे. अशा भूमीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. कारण समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक असते. घनतेतील या अल्प फरकाचा परिणाम मात्र अल्प नसतो. गिबेन व हर्झबर्ग यांच्या नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर गोड्या पाण्याचा थर सपाटीच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत टिकून राहतो. याचा व्यत्यासही तितकाच खरा. उपशामुळे वरची पातळी कायमची अर्धा मीटर खाली गेली, तर कालांतराने खारे पाणी खालून सुमारे २० मीटर वर सरकू शकते. प्रत्यक्ष भूस्तर एकजिनसी नसल्यामुळे हे आकडे स्थूल मानावयाचे, तथापि त्यांतून दिसणारा धोका स्थूल नाही. विहीर आटली तर पुढच्या पावसाळ्यात भरते. खारी झालेली विहीर इतक्या सहजी गोडी होत नाही, आणि तिच्यावर जगणारी पानवेल तोवर गेलेली असते.

जुन्या ग्रामस्थांस गिबेन ठाऊक नव्हता. बावखल ठाऊक होते. गावोगाव खणलेली ही गोड्या पाण्याची तळी पावसाचे पाणी अडवीत, ते जमिनीत मुरवीत आणि उरलेले रहाटाने वाडीला देत. पाणी वाहून नेणाऱ्या टँकरने हा हिशेबच मोडला. रेल्वेमार्गालगत वाढणाऱ्या वस्तीला व इमारतींच्या बांधकामाला पाणी हवे होते. ते पश्चिमेकडील विहिरींतून उपसून विकले जाऊ लागले. एका विहिरीचा मालक पाणी विकतो तेव्हा तो केवळ आपले पाणी विकत नाही, शेजाऱ्याच्या विहिरीखालचा थरही हलवीत असतो. नेमक्या याच ठिकाणी प्रश्न अर्थव्यवहाराचा न राहता नीतीचा होतो, आणि धर्मगुरूला त्याविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती पुढे आली. १९९० मध्ये शासनाने या परिसरासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली, आणि शेतजमिनीवरील बांधकामाचा वाद अधिकच तीव्र झाला. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे काय, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. आक्षेप सर्वस्वी निरर्थक नव्हे. व्यासपीठ आणि वेदी यांची सरमिसळ झाल्यास दोहोंचीही हानी होते. परंतु चळवळीची मागणी ख्रिस्ती लोकांपुरती नव्हती. भूजलाला धर्म नसतो, आणि हिंदू शेतकऱ्याची विहीर त्याच थरावर उभी होती. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक २०१५ मध्ये निघाले. वसईतील अनुभव त्याच्या पाव शतक आधीचा आहे, याची नोंद धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीही घ्यावी. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मगुरू म्हणून त्यांना काहींनी विरोध केला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

चळवळीची खरी कसोटी मात्र शासनाशी झालेल्या संघर्षात नव्हती, असे माझे मत आहे. ती धर्मग्रामाच्या आतच होती. जमीन विकणारा, विहिरीवर पंप बसविणारा आणि मोर्चात चालणारा हे पुष्कळदा एकाच मंदिरात शेजारी बसणारे. वाटण्यांनी वाडीचे तुकडे झाले, मुले नोकरीस लागली, मजुरी वाढली; अशा वेळी विक्री करणाऱ्यास निव्वळ लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. प्रवचन त्याला थांबवू शकते, पण त्याच्या मुलांचा चरितार्थ चालवू शकत नाही. १९१८ च्या पतपेढीने कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराऐवजी दुसरा मार्ग दिला होता. वाडी राखू इच्छिणाऱ्यासाठी त्या तोडीची आर्थिक योजना चळवळीपाशी नव्हती.

पुढे २००९ मध्ये चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावे महानगरपालिकेत नकोत, या मागणीने आंदोलन झाले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचनाही निघाली, आणि प्रकरण न्यायालयात दीर्घकाळ रेंगाळले. दरम्यान बावखले बुजतच होती. अनेक बावखले खाजगी वा सामाईक मालकीची असल्यामुळे ती राखण्यास मालकाची संमती लागते, आणि एका सातबाऱ्यावर दहाबारा वारसांची नावे असली म्हणजे ती संमती मिळविणे हेच मोठे कार्य होऊन बसते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर कित्येक दिवस पुराच्या पाण्यात राहिला. मे महिन्यात ज्या भागाला टँकरची वाट पाहावी लागते, त्याच भागात हे घडले.