एका मालिकेचे वर्चस्व आणि नवनिर्मितीचा प्रश्न : 'कॉल ऑफ ड्यूटी' व फर्स्ट पर्सन शूटर खेळ

प्रस्तावना

एखाद्या कलाप्रकारात एकच कृती अफाट यशस्वी झाली, तर त्या यशाने कलाप्रकार समृद्ध होतो की संकुचित होतो, हा प्रश्न साहित्य, रंगभूमी व चित्रपट या क्षेत्रांत जुनाच आहे. गेल्या तीन-चार दशकांत व्हिडिओ गेम हा एक मोठा सांस्कृतिक उद्योग म्हणून पुढे आला आणि तेथेही हाच प्रश्न उपस्थित झाला. 'फर्स्ट पर्सन शूटर' या खेळप्रकारात 'कॉल ऑफ ड्यूटी' या अमेरिकन मालिकेने २००७ नंतर जे वर्चस्व मिळवले, त्यामुळे या प्रकारातील नवनिर्मिती खुंटली, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. प्रस्तुत लेखात या आक्षेपात तथ्य किती आहे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळप्रकाराचे स्वरूप व पूर्वपीठिका

ज्या खेळात खेळाडूला आपले पात्र पडद्यावर दिसत नाही, तर त्या पात्राच्या डोळ्यांना दिसणारे जग व हातातील शस्त्र तेवढे दिसते, त्यास फर्स्ट पर्सन शूटर, अथवा संक्षेपाने शूटर, असे म्हणतात. 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीच्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' (१९९२) व 'डूम' (१९९३) या खेळांनी त्याचा पाया घातला. 'डूम'च्या यशानंतर निघालेल्या अशा खेळांना काही वर्षे 'डूमची नक्कल' असेच संबोधले जाई. म्हणजेच एका कृतीचे वर्चस्व व तिचे अनुकरण ही या प्रकारातील नवी घटना नव्हे.

मात्र त्या वर्चस्वाचे एक वैशिष्ट्य होते. 'डूम'मध्ये हौशी खेळाडूंना स्वतःचे नकाशे व पात्रे घालता येत असत. अशा फेरबदलांना 'मॉड' म्हणतात. 'व्हॉल्व्ह' कंपनीच्या 'हाफ-लाइफ' (१९९८) या खेळावर हौशी मंडळींनी १९९९ मध्ये तयार केलेला 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड पुढे मूळ खेळाइतकाच प्रसिद्ध झाला. नवनिर्मितीचा एक मोठा झरा असा कंपनीच्या भिंतीबाहेर वाहत होता.

'कॉल ऑफ ड्यूटी'चा उदय

'मेडल ऑफ ऑनर : अलाइड असॉल्ट' (२००२) हा दुसऱ्या महायुद्धावरील खेळ करणाऱ्या चमूतील काही जणांनी 'इन्फिनिटी वॉर्ड' हा स्टुडिओ स्थापन केला. 'अॅक्टिव्हिजन' या प्रकाशक कंपनीने त्यांचा 'कॉल ऑफ ड्यूटी' २००३ मध्ये बाजारात आणला. २००५ पासून दरवर्षी या मालिकेचा एक मुख्य भाग प्रसिद्ध होत आला आहे.

निर्णायक ठरला तो २००७ मधील 'मॉडर्न वॉरफेअर'. अनेकांनी मिळून खेळण्याच्या त्याच्या विभागात प्रत्येक सामन्यानंतर गुण साठत, श्रेणी वाढे व नवी शस्त्रे खुली होत. मरण न पावता ओळीने तीन शत्रू टिपल्यास टेहळणी विमान, पाच टिपल्यास हवाई हल्ला व सात टिपल्यास हेलिकॉप्टर मिळे. सामना हरला तरी खेळाडूच्या खात्यात काही जमा होई. त्यामुळे तो पुन्हा पुन्हा परत येई. ही रचना अस्सल नवनिर्मिती होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. ज्या मालिकेवर नवनिर्मिती मारल्याचा आरोप आहे, तिचे वर्चस्व नवनिर्मितीतूनच उभे राहिले. २०११ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर ३'ने सोळा दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री केल्याचे कंपनीने जाहीर केले.

अनुकरणाचा दबाव

हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवून दिले होते की, ग्राहक वाटून घेऊ पाहणारे दोन विक्रेते एकमेकांपासून दूर न जाता परस्परांच्या जवळ सरकतात. शूटर खेळांच्या बाबतीत हेच घडले. मोठ्या खेळाच्या निर्मितीचा खर्च वाढत गेला, तशी वेगळा प्रयोग करण्यातील जोखीमही वाढली.

'मेडल ऑफ ऑनर' मालिकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ज्या मालिकेतून 'कॉल ऑफ ड्यूटी'चे निर्माते बाहेर पडले, तीच मालिका २०१० मध्ये महायुद्ध सोडून अफगाणिस्तानातील आधुनिक युद्धाकडे वळली. पूर्वज वंशजाचे अनुकरण करू लागला. २०१२ मधील 'वॉरफायटर' या भागाच्या अपयशानंतर प्रकाशकाने ही मालिका बाजूला ठेवली. तथापि या हानीचे उत्तरदायित्व केवळ 'कॉल ऑफ ड्यूटी'वर टाकता येत नाही. अनुकरणाचा निर्णय स्पर्धकांचा होता.

प्रत्यक्ष हानी

मालिकेने स्वतः केलेली हानी दोन ठिकाणी दिसते. पहिली हानी मनुष्यबळाची. दरवर्षी एक भव्य खेळ देण्यासाठी एक स्टुडिओ पुरत नाही. 'हेरेटिक', 'हेक्सेन' असे खेळ करणाऱ्या 'रेव्हन सॉफ्टवेअर'ने २०१० मध्ये 'सिंग्युलॅरिटी' हा शूटर काढला. वस्तूंचे वय मागे-पुढे करणारे उपकरण ही त्यातील मध्यवर्ती कल्पना होती. त्यानंतर या स्टुडिओचे मुख्य कार्य 'कॉल ऑफ ड्यूटी'ला साहाय्य करणे हेच झाले. स्केटबोर्डच्या खेळांसाठी गाजलेला 'नेव्हरसॉफ्ट' हा स्टुडिओ २०१४ मध्ये इन्फिनिटी वॉर्डमध्ये विलीन करण्यात आला. जे खेळ कधी निर्माणच झाले नाहीत त्यांची मोजदाद कोणत्याही विक्रीच्या तक्त्यात होत नाही; म्हणून ही हानी सहसा नजरेतून निसटते.

दुसरी हानी मॉड-परंपरेची. २००९ मधील 'मॉडर्न वॉरफेअर २'च्या संगणकीय आवृत्तीत खेळाडूंनी स्वतंत्र सर्व्हर चालवण्याची व मॉड करण्याची सोय काढून टाकण्यात आली. सर्वाधिक खेळाडू ज्या घरात होते, त्या घराचे मागचे दार बंद झाले. 'काउंटर-स्ट्राइक' ज्या वाटेने जन्मला, ती वाट येथे उरली नाही.

यास एक तिसरा पैलूही आहे. वर्चस्वामुळे खुद्द मालिकाच बांधली जाते. 'इन्फिनिट वॉरफेअर' (२०१६) या अंतराळातील युद्धावरील भागाच्या जाहिरात-चित्रफितीवर यूट्यूबवर नापसंतीचा पाऊस पडला. २०१७ मध्ये मालिका पुन्हा दुसऱ्या महायुद्धाकडे परतली. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो : ज्याच्याकडे आधीच मोठा नफा आहे, त्याला नवे काही आणून जुना नफा विस्थापित करण्याची ओढ कमी असते.

स्थलांतरित नवनिर्मिती

असे असले तरी नवनिर्मिती नष्ट झाली, हे विधान पुराव्यावर टिकत नाही. 'मॉडर्न वॉरफेअर'च्याच वर्षी, २००७ मध्ये, 'पोर्टल' हा खेळ आला. त्यात गोळी झाडण्याऐवजी भिंतींवर दोन परस्परांशी जोडलेली दारे उघडून कोडी सोडवायची असतात. त्याचे मूळ अमेरिकेतील डिजिपेन या संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पात होते. २०१० मध्ये अॅक्टिव्हिजनने इन्फिनिटी वॉर्डच्या दोन प्रमुखांना काढून टाकले. त्यांनी स्थापन केलेल्या 'रिस्पॉन'ने 'टायटनफॉल'मध्ये (२०१४) भिंतींवरून धावणारे सैनिक व महाकाय यंत्रमानव आणले. 'डूम'च्या २०१६ मधील नव्या अवताराने तर आडोशाला लपून जखमा भरून येण्याची रूढ पद्धतच नाकारली. तेथे जीव वाचवायचा तर शत्रूच्या अंगावर धावून जावे लागते.

सर्वांत मोठे परिवर्तन पुन्हा मॉडच्या वाटेनेच आले. 'आर्मा २' या तुलनेने लहान वर्तुळातील युद्ध-खेळावर ब्रेंडन ग्रीन या हौशी निर्मात्याने शेवटी एकच जण जिवंत उरण्याचा मॉड रचला. त्यातून २०१७ मध्ये 'पबजी' घडला. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने ज्यावर बंदी घातली, तो 'पबजी मोबाइल' याचीच मोबाइल आवृत्ती. या लाटेपुढे 'कॉल ऑफ ड्यूटी'लाच अनुकरण करावे लागले : २०१८ च्या भागात हा प्रकार समाविष्ट झाला व २०२० मध्ये 'वॉरझोन' निघाला.

तरीही वर्चस्वाचे मोल कमी झाले नाही. मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली. हा व्यवहार २०२३ मध्ये पूर्ण होण्यापूर्वी ही मालिका प्रतिस्पर्धी सोनीच्या यंत्रावर उपलब्ध राहील की नाही, हा नियामकांपुढील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता.

निष्कर्ष

१. 'कॉल ऑफ ड्यूटी'ने शूटर खेळांतील नवनिर्मिती नष्ट केली नाही. तिने ती मोठ्या भांडवलाच्या केंद्रातून परिघाकडे ढकलली.

२. सुमारे २००७ ते २०१४ या काळातील एकसारखेपणास मालिकेपेक्षा स्पर्धकांचे अनुकरण व वाढता निर्मितीखर्च अधिक कारणीभूत होते.

३. मालिकेची प्रत्यक्ष हानी दोन बाबतींत मान्य करावी लागते : वेगळे खेळ करू शकणारे स्टुडिओ एकाच कामाला जुंपले गेले आणि हौशी निर्मात्यांसाठी खुले असलेले दार बंद झाले.

४. 'काउंटर-स्ट्राइक', 'पोर्टल' व 'पबजी' या तिन्ही वळणांचा उगम हौशी अथवा विद्यार्थी-निर्मात्यांच्या कामात आहे. तेव्हा वर्चस्वाची कसोटी 'सर्वांत मोठा कोण' ही नसून 'इतरांना प्रयोग करण्यास जागा उरली आहे काय' ही असावी. आपल्याकडील महाविद्यालयांत गेम-निर्मितीचे अभ्यासक्रम आखताना विद्यार्थ्यांना यशस्वी नमुन्यांची प्रतिकृती करावयास लावायची की अपयशाची मुभा देणारे प्रकल्प द्यावयाचे, याचा निर्णय अध्यापकांनाच घ्यावयाचा आहे. उपरोक्त इतिहास दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने साक्ष देतो.