गिरणी आणि तत्त्वज्ञान मंदिर

व्यापाऱ्याने समाजास काय दिले, हे सांगताना देवळे, धर्मशाळा व पाणपोया यांचीच नावे सहसा पुढे येतात. खानदेशात बोरी नदीकाठच्या अमळनेरास मात्र याहून निराळे उदाहरण आढळते. कापसाच्या या मुलखात श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९०६ साली कापडाची गिरणी काढली; आणि दहा वर्षांनी, १९१६ साली, शेठ वल्लभदास यांच्या सहकार्याने तेथेच तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. अद्वैत वेदान्त हा तेथील अभ्यासाचा मुख्य विषय होता. अभ्यासकांस पोटापाण्याच्या विवंचनेतून सोडवून निव्वळ विचार करू द्यावा, ही कल्पना एका गिरणीमालकास सुचावी, हे नवलच! पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे थोर बंगाली तत्त्वज्ञ तेथे संचालक म्हणून आले.

परंतु दिलेल्या द्रव्याचे पुढे काय होईल, हे दात्याच्या हाती नसते. तत्त्वज्ञानाच्या ओढीने अमळनेरास आलेले साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरून घेतली. नंतर १९३८ साली अमळनेरासच ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून ते शेतकऱ्यांची व कामगारांची गाऱ्हाणी मांडू लागले. गिरणीवाल्या शेठजींचे नाव धारण करणाऱ्या शाळेतील शिक्षकच असा मजुरांचा कैवारी झाला.