गोळीऐवजी इसबगोल?

आहार-व्यायामाने कोलेस्टेरॉल उतरते का, या प्रश्नाला मुंबईच्या उपनगरांकडे स्वतःचे एक उत्तर आहे. 1918 साली वेसाव्याला श्रीयोगेंद्रांनी सुरू केलेली योग इन्स्टिट्यूट पुढे सांताक्रूझला स्थिरावली. या संस्थेचा हृदयरुग्णांवरचा अभ्यास 2004 साली भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अँजिओग्राफीत अडथळे दिसलेले 113 रुग्ण त्यात होते. त्यांपैकी 71 जणांना घरच्या माणसांसह योग, पथ्याचा आहार आणि विश्रांती यांची शिस्त लावली. उरलेले 42 तुलनेसाठी. वर्षभरानंतर पहिल्या गटाचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, 26 टक्क्यांनी उतरले होते. दुसऱ्या गटाचे 2.6 टक्क्यांनी. अभ्यास लहान असला तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र त्यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: या रुग्णांचे नेहमीचे औषधोपचार चालूच होते. योगाची शिस्त औषधाच्या जोडीला आली होती. सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत ‘गोळी नको, आपण नॅचरली कमी करू’ असे जे ठरते, त्यात ‘जोडीला’चे ‘ऐवजी’ कधी झाले हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘ऐवजी’ कुठे चालेल आणि कुठे नाही, हे ठरवायला आधी लिपिड प्रोफाइलचा कागद नीट वाचावा लागतो. त्यावरच्या सगळ्या ओळी एकाच उपायाला दाद देत नाहीत. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, 81 टक्के प्रौढांच्या रक्तातली चरबी कुठल्या ना कुठल्या बाजूने बिघडलेली आहे. पण वाढलेले एलडीएल साधारण 21 टक्क्यांत, वाढलेली ट्रायग्लिसराइड 32 टक्क्यांत, आणि कमी पडणारे एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, तब्बल 67 टक्क्यांत आढळले. ट्रायग्लिसराइडना साखर, मैदा, ताटभर भात आणि दारू यांचे खतपाणी लागते. ते तोडले, पोट उतरवले आणि रोज पाऊण तास भरभर चालले की आकडा काही आठवड्यांत खाली येतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे घाम गाळणाऱ्यांना त्याचे फळ खरोखर मिळते. एलडीएल मात्र चालण्याने फारसे हलत नाही. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृताच्या पेशींवर त्यासाठी जणू दरवाजे असतात. तूप, लोणी, खोबरेल, वनस्पती तूप यांतली संपृक्त चरबी हे दरवाजे कमी करते. कुणाला मुळातच दरवाजे कमी मिळालेले असतात, आणि ती आईबापांकडून आलेली देणगी पथ्याने परत करता येत नाही.

तरीही आहाराला कमी लेखणे चुकीचे ठरेल. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 2003 साली 46 जणांवर केलेला प्रयोग आपल्या स्वयंपाकघराला फार जवळचा आहे. त्यांच्या ताटात ओट्स, बार्ली, इसबगोल, सोयाबीन, बदाम होते, आणि चक्क भेंडी अन् वांगीही. महिन्याभरात या आहाराने एलडीएल 28.6 टक्क्यांनी उतरले. शेजारच्या गटाला लोवास्टॅटिन या स्टॅटिन वर्गातल्या, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची गोळी दिली होती, तिथे 30.9 टक्के. भेंडीतला बुळबुळीतपणा, इसबगोलाचा चिकट लगदा ही विरघळणारी तंतुद्रव्ये आहेत. आतड्यात ती पित्ताला धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. बद्धकोष्ठावरचा आजीचा उपाय कोलेस्टेरॉललाही लागू पडतो तो असा. पण त्या प्रयोगात लोकांना खाणे संस्थेकडूनच मिळत होते. 2011 साली जेन्किन्स यांनीच 345 जणांना फक्त सल्ला दिला आणि रोजच्या बाजारहाटासह घरी सोडले, तेव्हा सहा महिन्यांनंतरची घट 13-14 टक्क्यांवर आली. हा दुसरा आकडाच खरा मानावा, कारण आपण प्रयोगशाळेत राहत नाही. घाटकोपरच्या खाऊगल्लीवरून आणि स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवरून रोज घरी येतो. 13 टक्के म्हणजे 150 चे एलडीएल 130 च्या आसपास. ते मिळवायचे तर सकाळची खारी-बटर आणि संध्याकाळचे फरसाण जाऊन त्या जागी मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि ज्वारीची भाकरी यायला हवी, आणि महिन्याला घरात येणारे तेल मोजले जायला हवे.

इथे हमखास ऐकू येते की, आजोबा तूप-खोबरे खाऊन नव्वदीपर्यंत जगले. जगले असतीलही. पण पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेले त्यांचे भाऊबंद साक्ष द्यायला उरलेले नसतात, आणि आजोबांचे दिवसभराचे कष्ट अंधेरीच्या ऑफिसातल्या खुर्चीला माहीत नाहीत. खोबरेलाबद्दल तर प्रयोगांचा गोषवाराच उपलब्ध आहे: 2020 साली एकत्र तपासलेल्या 16 चाचण्यांत इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल सुमारे 10 मिलिग्रॅमने वाढवले होते. म्हणून सोलकढी सोडायची गरज नाही. खोबरेलाला औषध समजून चमचा चमचा पिणे मात्र थांबवावे. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी’ हेही ढाल म्हणून पुरत नाही. डालड्यातली पुरी शाकाहारीच असते.

पूरक गोळ्यांबाबत माझे मत याहून कडक आहे. अमेरिकेत 2022 साली 190 जणांवर झालेल्या चाचणीत माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ अशा सहा पूरकांची तुलना रोसुव्हास्टॅटिनच्या अवघ्या 5 मिलिग्रॅमशी केली गेली. 28 दिवसांत स्टॅटिनने एलडीएल जवळजवळ 38 टक्के उतरवले. सहांपैकी एकाही पूरकाची घट नुसत्या खोट्या गोळीपेक्षा ठळक नव्हती, आणि लसणाच्या गटात तर एलडीएल थोडे वाढलेच. महिना थोडा होता असा आक्षेप घेता येतो, आणि तो रास्तही आहे: वनस्पती-स्टेरॉल रोज दोन ग्रॅम घेतल्यास काही घट होते, हे इतर अभ्यासांत दिसले आहे. लसणाला मात्र 2007 साली स्टॅनफर्डमध्ये सहा महिने देऊन पाहिले. कच्च्या पाकळ्या असोत की गोळ्या, एलडीएल हलले नाही. लाल यीस्टच्या तांदळाची गंमत वेगळीच. त्यातले मोनॅकोलिन के आणि लोवास्टॅटिन हे औषध एकच रसायन आहे. स्टॅटिन नको म्हणून ते घेणारा माणूस स्टॅटिनच घेत असतो; फक्त मात्रा किती हे त्याला कळत नाही. जपानमध्ये 2024 साली कोबायाशी कंपनीची अशी उत्पादने मूत्रपिंडाच्या तक्रारींनंतर बाजारातून परत मागवावी लागली. आपल्याकडे असे डबे औषध म्हणून नव्हे, खाद्यपदार्थ म्हणून परवाना घेऊन विकले जातात.

स्टॅटिनच्या गोळीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये. स्नायू दुखतात, साखर वाढते, एकदा सुरू झाली की जन्माची चिकटते, अशा तिच्याविरुद्धच्या तक्रारी. साखर वाढण्याचा थोडा धोका खरा आहे आणि मधुमेहाच्या सीमेवर असलेल्यांनी त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. स्नायूंच्या दुखण्याचे उत्तर लंडनच्या सॅमसन चाचणीने 2020 साली चतुराईने शोधले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असे दिले. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासातला 90 टक्के भाग खोट्या गोळीवरही जाणवला. दुखणे खोटे नव्हते. बहुतेक वेळा त्याचे कारण औषधात नव्हते. ‘हे सगळे औषध कंपन्यांचे कारस्थान’ या आरोपाबद्दल एवढेच सांगतो की, जुन्या स्टॅटिनांची पेटंटे केव्हाच संपली आहेत, आणि पूरकांच्या चकचकीत डब्याची किंमत पाहिली की धंदा कुणाचा तेजीत आहे ते कळते.

मग ‘ऐवजी’ कुणाला परवडेल? हृदयविकार नाही, मधुमेह नाही, रक्तदाब आटोक्यात, तंबाखू नाही, घरात लहान वयात कुणाला झटका आलेला नाही आणि एलडीएल 130-150 च्या घरात आहे, अशा माणसाने डॉक्टरांना सांगून तीन ते सहा महिने फक्त आहार आणि व्यायामावर काढावेत, आणि पुन्हा रक्त तपासून मगच ठरवावे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली दिलेल्या मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी 100 च्या खाली, जास्त धोक्याच्यासाठी 70 च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यासाठी 55 च्या खाली अशा आहेत. 150 वरून 55 वर भेंडी-इसबगोल नेऊ शकत नाहीत. झटका येऊन गेलेल्याने गोळी सोडणे हा हट्ट आहे आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजायची असते. आणि तुमचे एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त आले असेल, तर ताटात काय आहे ते नंतर पाहा. आधी डॉक्टरांकडे जा, आणि सख्ख्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घ्या.