नजर रस्त्यावर, लक्ष फोनवर

फोनवर बोलत कटंगीहून बालाघाटकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला टोकलं, की उत्तर ठरलेलं: "फोन हातात कुठंय, कानात आहे. नजर रस्त्यावरच आहे ना!" हाच तो गैरसमज. कितीही वेळा खोडला तरी पुन्हा डोकं वर काढतो. धानकापणीच्या दिवसांत याच रस्त्यावर दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या असतात, दिवस मावळताना गुरं परततात.

वस्तुस्थिती अशी, की नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी 1980 मध्येच दाखवलं, की डोळे जागेवरून न हलवताही लक्ष बाजूला नेता येतं, आणि ते जिथं असेल तिथली खूण माणूस लवकर टिपतो. हा निव्वळ हातापायांच्या चपळाईचा खेळ असेल, अशी शंका रास्त आहे. मारिसा कारास्को आणि ब्रायन मॅकेल्री यांनी 2001 मध्ये ती तपासली. लक्ष असलेल्या जागेची माहिती मेंदूत जमा होण्याचा वेगच वाढतो, असं त्यांना आढळलं.

लक्ष गप्पांत गुंतलं, की याच्या उलट घडतं. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी लोकांकडून संगणकावर गाडी चालवल्यासारखं काम करून घेतलं. फोनवर बोलणाऱ्यांकडून दुप्पट सिग्नल हुकले आणि ब्रेकही उशिरा लागला. फोन हातात आहे की हँड्सफ्री, यानं काहीच फरक पडला नाही! त्यांच्याच 2003 च्या प्रयोगात तर ज्या फलकांवर नजर थेट खिळली होती, तेही अनेकांना नंतर ओळखता आले नाहीत. ताशी 60 किलोमीटर वेगात अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठेक मीटर अंतर. गाय तेवढ्यात ओलांडून जात नाही.

मग शेजारी बसलेल्याशी बोलणंही तितकंच घातक? नाही. त्यालाही रस्ता दिसतो; अवघड वळणावर तो गप्प होतो, नाहीतर "अरे, सांभाळ" म्हणतो.

पण ऐन संकटात मेंदू जलद चालून हा उशीर भरून काढत नाही का? 2007 मध्ये लोकांना 31 मीटर उंचीवरून जाळीत सोडून हे तपासलं गेलं. पडण्याचा काळ लांबल्यासारखा वाटला, पण भराभर बदलणारे आकडे काही जास्त वाचता आले नाहीत.

मग कायद्याला हँड्सफ्री चालतं का? 2020 च्या केंद्रीय नियमांनी चालकाला हातातला फोन फक्त वाट शोधण्यापुरता वापरू दिला. "हातातला" हा शब्द धरून हँड्सफ्री निर्धोक ठरवणारे बरेच आहेत. स्ट्रेयर यांचे आकडे मात्र त्यांच्या बाजूनं नाहीत.