पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड

पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड (शास्त्रीय नाव: हॅलिईटस ल्युकोगॅस्टर) हा ॲसिपिट्रिडी कुलातील, समुद्रकिनारी राहणारा मोठा शिकारी पक्षी आहे. भारतापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचा नियमित वावर साधारणपणे मुंबईपासून दक्षिणेकडे असून उत्तरेस गुजरातपर्यंत तो अधूनमधून दिसतो. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा किनारा त्याच्या नियमित क्षेत्राच्या उत्तर सीमेलगत येतो. ग्मेलिन यांनी १७८८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले.

वर्णन

डोके, मान व पोट पांढरेशुभ्र, पाठ व पंख राखाडी आणि शेपटी पाचरीच्या आकाराची असते. पंखांचा विस्तार सुमारे २ मीटर भरतो. मादी नरापेक्षा मोठी असते. पिल्ले तपकिरी असतात. कोळीवाड्यांभोवती घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार अनेकदा समुद्र गरुड समजली जाते. मात्र ती बरीच लहान असून तिचे पंख विटकरी असतात.

शिकार

समुद्रावर शिकार करणारा असला तरी समुद्र गरुड पाण्यात खोल सूर मारत नाही. मीनखाई घार पायांच्या बाजूने पाण्यात झेपावून जवळजवळ पूर्ण बुडते. समुद्र गरुड मात्र पृष्ठभागावरून सरपटत गेल्यासारखा उडत नख्यांनी भक्ष्य उचलतो. अथांग समुद्रापैकी वरचा पातळ थरच त्याच्या वाट्याला येतो. त्याच्या आहारात समुद्रसर्पांना असलेले महत्त्व यावरून समजते. फुप्फुसांनी श्वास घेणाऱ्या या सापांना वारंवार पृष्ठभागावर यावेच लागते आणि तेथेच ते सापडतात. मासे, खेकडे, पाणपक्षी, तसेच मेलेले प्राणीही तो खातो. इतर शिकारी पक्ष्यांच्या तोंडचा घास हिरावून घेण्यातही तो मागे नाही.

घरटे व संवर्धन

जोडी दीर्घकाळ टिकते आणि उंच झाडावरील काटक्यांच्या त्याच प्रचंड घरट्याची दरवर्षी डागडुजी करते. मादी बहुधा दोन अंडी घालते, पण अनेकदा एकच पिल्लू जगते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर या घरट्यांची पाहणी केली आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्याला संरक्षण आहे. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त मानला जात नाही. परंतु घरट्याचे झाड तुटले की त्या जोडीचा तेथील ठावठिकाणा जातो, आणि तेवढे उंच झाड तयार व्हायला अनेक दशके लागतात. अर्नाळा, राजोडी, कळंब या भागांत किनाऱ्यालगत उंच झाडे म्हणजे मुख्यतः लागवडीची सुरू आणि वाड्यांतील माड. किनाऱ्याची धूप होऊ लागली की पहिल्या रांगेतील सुरू आधी कोसळतात. वसई व वैतरणा खाड्यांतील खारफुटीत भक्ष्य मिळते, पण एवढे अवजड घरटे पेलण्याइतकी उंच व भक्कम झाडे तेथे थोडीच असतात.