फोर बाय फोर वाहनातील क्लचची झीज आणि चालनपद्धती : जळकोट परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुका बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात येतो. चढ-उताराचे रस्ते आणि पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी माती या दोन्ही गोष्टी येथील वाहनचालकाची परीक्षा घेतात. अशा भूभागासाठी चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारे वाहन, म्हणजेच बोलीभाषेतील 'फोर बाय फोर', उपयुक्त ठरते. महाराष्ट्राला या वाहनाचा परिचय जुना आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. याच परंपरेतील 'थार' २०१० मध्ये बाजारात आली, तर तिची दुसरी पिढी २०२० मध्ये आली.

फोर बाय फोर वाहन कोठेही अडत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु या वाहनाची पकड जितकी उत्तम, तितका त्याच्या क्लचवरील भार अधिक असू शकतो. हा विरोधाभास का निर्माण होतो आणि योग्य चालनपद्धतीने क्लचची झीज कशी कमी करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

क्लचचे कार्य व झिजेचे कारण :

इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल पूर्ण सोडले असता हे तिन्ही भाग एकत्र फिरतात व घर्षण होत नाही. पेडल पूर्ण दाबले असता क्लच प्लेट मोकळी होते. या दोन अवस्थांच्या मधली स्थिती म्हणजे 'हाफ क्लच'. या स्थितीत दोन पृष्ठभाग वेगवेगळ्या गतीने एकमेकांवर घासतात व उष्णता निर्माण होते. झीज प्रामुख्याने याच काळात होते. उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास प्लेटचे अस्तर जळून गुळगुळीत होते, त्याची पकड घटते आणि पकड घटल्यामुळे प्लेट आणखी घसरते. असे हे दुष्टचक्र आहे.

फोर बाय फोरमधील विशेष परिस्थिती :

दोनच चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनात चालकाने क्लच झटक्याने सोडला, तर ओल्या मातीत चाके जागीच फिरतात. चाकांचे हे घसरणे एका अर्थाने क्लचचे संरक्षणच करते. कारण क्लच पूर्ण जुळलेला असून अतिरिक्त शक्ती मातीत खर्ची पडते. फोर बाय फोर वाहनात मात्र चारही चाके जमिनीला धरून राहतात. चाक घसरत नाही, वाहन जड असल्याने लगेच हलत नाही. मग घसरण्यासाठी क्लचच उरतो.

उष्णतेचे गणित :

इंजिनाचा वेग स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर वाहन सुरू केल्यास क्लचमध्ये निर्माण होणारी उष्णता, क्लच पूर्ण जुळेपर्यंत वाहनाला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. उदाहरणादाखल १८०० किलोग्रॅम वजनाचे वाहन घेऊ. पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला १५०० फेऱ्यांवर त्याचा वेग ताशी सुमारे साडेतेरा किलोमीटर येतो असे मानल्यास ही उष्णता सुमारे १३ किलोज्यूल होते. तेच वाहन ३००० फेऱ्यांवर सुरू केल्यास वेग दुप्पट, तर उष्णता चौपट, म्हणजे सुमारे ५१ किलोज्यूल होते.

दहास एक या प्रमाणातील चढावर, ब्रेकऐवजी हाफ क्लचवर हेच वाहन १५०० फेऱ्यांवर जागीच धरून ठेवल्यास दर सेकंदाला साडेसहा किलोज्यूलहून अधिक उष्णता क्लचमध्ये साठते. म्हणजे दोन सेकंद असे थांबणे हे एकदा वाहन सुरू करण्याइतकेच महाग पडते.

लो रेंजचे महत्त्व :

या समस्येचे उत्तर वाहनातच उपलब्ध असते. ट्रान्स्फर केसमधील 'लो रेंज' निवडल्यास चाकांची गती घटते व त्यांना मिळणारा पीळ त्याच प्रमाणात वाढतो. हे प्रमाण अडीच पट मानल्यास वरील उदाहरणातील १३ किलोज्यूल उष्णता केवळ २ किलोज्यूलच्या आसपास येते. अनेक चालक लो रेंज हा अडकल्यानंतरचा उपाय समजतात. वस्तुतः तो चिखलात किंवा तीव्र चढावर शिरण्यापूर्वी, वाहन थांबवून वापरावयाचा आहे. मात्र ज्या वाहनांत पुढील व मागील आसांमध्ये डिफरन्शियल नसते, तेथे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावू नये. वळणावर दोन्ही आसांना वेगवेगळे अंतर कापावे लागते व त्याचा ताण गिअर आणि टायरवर येतो.

योग्य चालनपद्धती :

१) चढावर वाहन हँडब्रेकवर धरावे, क्लच जुळताच हँडब्रेक सोडावा.
२) कमी फेऱ्यांवर क्लच सोडून नंतरच ॲक्सिलरेटर वाढवावा.
३) चिखलात वाहन रुतल्यास हाफ क्लचवर जोर लावू नये. चाकापुढील माती काढावी, दगड टाकावेत किंवा टायरमधील हवा कमी करावी.
४) उतारावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये क्लचवरून पाय काढावा, इंजिनच वाहनाला रोखते.
५) ओढ्याच्या पाण्यातून जाताना क्लच दाबू नये, प्लेटमध्ये पाणी शिरण्याचा धोका असतो. पाण्याची खोली व ओढ ठाऊक नसल्यास वाहन घालूच नये.
६) जळका वास येताच थांबून क्लच थंड होऊ द्यावा.

इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही वेग न वाढणे, हे क्लच घसरू लागल्याचे स्पष्ट लक्षण होय. अशा अवस्थेत घाट चढणे म्हणजे अर्ध्या चढावर वाहनाची ओढ गमावण्याचा धोका पत्करणे होय.

निष्कर्ष :

क्लचचे आयुष्य केवळ किलोमीटरवर अवलंबून नसून, तो किती काळ व किती फेऱ्यांवर घासला यावरही ठरते. फोर बाय फोर वाहन पकड देते, पण ती पकड कशी वापरावी याचे ज्ञान देत नाही. डोंगराळ तालुक्यात पावसाळ्यात रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेण्याची भिस्त अनेकदा एखाद्या जीपवर असते. तेथे क्लच प्लेट वाचविणे हा खर्चाचा प्रश्न तर आहेच, परंतु तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. वाहन चालविण्याच्या प्रशिक्षणात हाफ क्लच व लो रेंज यांमागील हे साधे भौतिकशास्त्र समाविष्ट होणे म्हणूनच आवश्यक ठरते.