कऱ्हाकाठचा मुलूख

युरोपची सफर करून आलेला पुणेकर पूर्वी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या तीन नगरांच्या नामोच्चारावर समाधान मानीत असे. अलीकडे मात्र ज्यांची तिकडची दुसरी-तिसरी वारी असते, अशी मंडळी गर्दीला पाठ फिरवून उंब्रियाच्या टेकड्यांत, किंवा त्याच्या पूर्वेस आड्रियाटिक समुद्राकडे उतरत गेलेल्या मार्के प्रांतात मुक्काम ठोकतात, आणि राफाएलचे जन्मगाव उर्बिनो आपण कसे निवांतपणे पाहिले, याचे वर्णन परतल्यावर महिनाभर पुरवून पुरवून सांगतात. ही अभिरुची स्तुत्यच आहे. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या पंधराव्या शतकातील थोर चित्रकाराने ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे आपले भित्तिचित्र सानसेपोल्क्रो या स्वतःच्या गावच्या नगरगृहात रंगविले आणि ते अद्याप तेथेच आहे; सबब ते पाहावयाचे तर त्या गावी जावे लागते, तेथल्या चौकात बसावे लागते, आसपासची शेते आणि डोंगर नजरेखालून घालावे लागतात. कलाकृती आणि तिची भूमी यांची फारकत झालेली नाही, हेच या आडवाटेच्या प्रांतांचे खरे ऐश्वर्य होय. पण हाच निकष घेऊन कोणी दिवे घाट चढला, तर त्याच्या पदरात काय पडेल, याचा विचार आमच्या शहरात फारसा होताना दिसत नाही.

घाट चढून गेले, की कऱ्हेपठार लागते. उत्तरेस सिंहगडापासून भुलेश्वरापर्यंत धावत गेलेली डोंगरांची रांग, दक्षिणेस पुरंदर-वज्रगडाची जोडी, आणि या दोहोंच्या मध्ये कऱ्हा नदीचे, पावसाळ्याखेरीज बहुधा कोरडेच असणारे पात्र. ही नदी सासवडवरून जेजुरीकडे, तेथून मोरगाव आणि बारामती करीत पुढे नीरेस मिळते. पुरंदर म्हटले की शाळेत पाठ केलेला १६६५ चा तह तेवढा आपल्याला आठवतो, परंतु या मुलखाचा इतिहास तहांहून आणि लढायांहून पुष्कळ रुंद आहे. सासवडास ज्ञानदेवांचे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे, तशीच १७२० साली येथे वारलेल्या पहिल्या पेशव्याची, बाळाजी विश्वनाथाचीही. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचे घाटबंद देवालय आहे, आणि जवळच, तितकेच एकांतात, चांगावटेश्वर आहे. आळंदीची पालखी आषाढवारीत येथे दोन रात्री विसावते, तेवढ्यापुरते गाव फुलून जाते. एरवी संगमावर दुपारच्या वेळी कपडे धुणाऱ्या बायका आणि पायऱ्यांवर अभ्यास करीत बसलेली दोन-चार मुले, याखेरीज कोणी आढळत नाही. आचार्य अत्र्यांचा जन्म १८९८ साली सासवडजवळच्याच कोडीत गावचा. आत्मचरित्राला त्यांनी या नदीचेच नाव दिले, ते उगाच नव्हे.

भुलेश्वराला जावयाचे तर सासवडहून माळशिरसमार्गे जाता येते, किंवा सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन उजवीकडे वळून डोंगर चढावा लागतो. १६३० च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त करणाऱ्या विजापुरी सरदार मुरार जगदेवाने याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला उभारला. त्याचे बुरूज आणि तटबंदी यांचे अवशेष अजून दिसतात. मंदिर मात्र त्याहून चारएकशे वर्षांनी जुने, यादवकालीन. बाहेरून पाहणाऱ्याला त्याची काहीच कल्पना येत नाही. उंच भिंती, वर चुनेगच्चीचे उत्तरकालीन घुमट आणि शिखर, असा हा एखाद्या गढीचा थाट. अठराव्या शतकात धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींनी केलेल्या जीर्णोद्धाराचा बाह्यांगावरील हा ठसा होय. अरुंद जिन्याने आत गेल्यावर प्रदक्षिणामार्गाच्या अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते, आणि मग काळ्या पाषाणातून एकेक आकृती जणू पुढे येऊ लागते: मदनिका, वादक, हत्ती, महाभारतातील प्रसंगांचे पट, आणि मातृकांच्या मालिकेत एक विलक्षण मूर्ती, जिची सोंड गणपतीची पण देह स्त्रीचा आहे. वैनायकीचे हे रूप महाराष्ट्रात क्वचितच पाहावयास मिळते. पुष्कळ मूर्तींची नाके आणि हात तोडलेले आहेत. तरीही कटीचा बाक, पायातील तोड्याचे पदर, केसांच्या अंबाड्याची गाठ यांवरून कारागिराच्या हाताची सफाई अचूक कळते. दुर्दैव असे, की श्रावणातील सोमवारी येणारा भाविक गर्दीमुळे आणि इतर दिवशी येणारा सहलखोर घाईमुळे, दोघेही हा अंधार पाच मिनिटांत ओलांडून जातात. हौशी माणसाने एखादा आडवार पाहून, सोबत विजेरी घेऊन यावे, आणि निदान एक भिंत तरी पुरती पाहावी.

जेजुरीविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण ती शांत म्हणता येईल अशी जागा राहिलेली नाही. तथापि सोमवती अमावास्येस खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते आणि चंपाषष्ठीला देवाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य होतो, या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत; नदी, शेत आणि दैवत यांचे नाते त्यांत उघड दिसते.

या नात्याचा शोध घेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एक पुण्याचे आणि एक दूरदेशीचे, असे दोन विद्वान विशेष स्मरणीय आहेत. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवीत, आणि तिठ्यावरच्या, बांधावरच्या शेंदूर फासलेल्या धोंड्यांची चौकशी करीत. ज्या देवतेला विद्वानांच्या दप्तरी जागा नव्हती, तिच्या ठाण्याजवळ त्यांना अश्मयुगातील बारीक गारगोटीची हत्यारे सापडत, आणि माणसांच्या वाटा किती जुन्या आहेत हे ते त्यावरून ताडीत. दुसरे, हायडेलबर्ग विद्यापीठातील गुंथर सोन्थायमर. या जर्मन पंडिताने धनगरांच्या तांड्यांबरोबर राहून, त्यांच्या ओव्या ऐकून, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा या दैवतांवर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्यापैकी किती सुशिक्षितांनी तोवर वीर गावचे नाव ऐकले होते, हा प्रश्नच आहे.

वीर हे पुरंदरच्या रांगेपलीकडे, नीरेच्या खोऱ्यातील गाव. येथील म्हसकोबा हा मुळात मराठवाड्यातील सोनारीचा भैरव. कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागे तो इकडे आला अशी कथा आहे. माघ पौर्णिमेच्या रात्री त्याचे लग्न लागते आणि त्यानंतर दहा दिवस यात्रा चालते. गावोगावच्या काठ्या आणि पालख्या येतात, त्यांत कोडीतच्या पालखीचा मान मोठा. मानापानाची ही वहिवाट सनदेच्या कागदाइतकीच काटेकोरपणे पाळली जाते. ढोलांच्या तालावर गजी नाचतात, आणि मग भाकणूक होते. येत्या साली कोणत्या नक्षत्राचा पाऊस कोणत्या बाजूला पडेल, पीक किती येईल, हे अंगात आलेला मानकरी बोलून दाखवितो, आणि फेटे बांधलेले वृद्ध शेतकरी एक अक्षर न बोलता ते ऐकतात. वेधशाळेचा अंदाज प्रत्येकाच्या खिशातील फोनवर असतोच. दोन्ही ऐकून घेण्यात त्यांना काही विसंगती वाटत नाही. पर्जन्यछायेच्या या टापूत पावसाची चौकशी जितक्या दारी करावी तितकी थोडीच. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगर, त्यांची मेंढरे खतासाठी आपल्या शेतात बसविण्याचा शेतकऱ्यांशी ठरलेला व्यवहार, आणि या दोघांचे एकच दैवत, हे सारे या यात्रेत एकत्र पाहावयास मिळते.

शेतीचे वैभवही कमी पाण्यातूनच निपजलेले आहे. पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात येणारा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा तो मीठा. नावांवरून चवीचा भेद सांगणे नकोच. भल्या सकाळी बागेत जावे, म्हणजे तोडणी पाहावयास मिळते: देठातून पांढरा चीक गळत असतो, तो बोटांना चरचरतो, म्हणून हात जपावा लागतो, आणि फळ दबू नये म्हणून पाटीत खाली पाने अंथरून त्यावर अंजिरे एकेक करून लावतात. पावसाळ्यात हीच धांदल सीताफळांची असते.

कऱ्हेच्या काठाने पुढे जाताना पांडेश्वर लागते. तेथले विटांचे जुने बांधकाम, दगडाची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना प्रथम चमत्कारिक वाटते. मोरगावच्या पुढे लोणी भापकर येथे मल्लिकार्जुनाचे मंदिर, चौकोनी पुष्करणी आणि अंगावर विष्णुमूर्तींच्या रांगा कोरलेला यज्ञवराह आहे. अष्टविनायकाच्या मोटारी मोरगावाहून परस्पर निघून जातात आणि हे गाव आपल्या शांततेत राहते. शांतता टिकली, पण सगळीकडे डोळसपणा टिकला असे म्हणवत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांना तैलरंग फासण्याची आणि फरशीवर चकचकीत लाद्या बसविण्याची जी साथ गावोगाव पसरली आहे, ती मूर्तिभंजकांच्या घणापेक्षा फार सौम्य आहे, असे मला वाटत नाही.

आणि आता या पठारावर विमानतळाची योजना आहे. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी अशी सात गावे तीत येतात. खानवडी हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे गाव. शेतकऱ्यांचा विरोध जाहीर आहे आणि त्याचा निवाडा सरकारदरबारी व्हावयाचा तो होईल. भूसंपादनाच्या मोजणीत विहीर, गोठा, आंब्याचे झाड यांची रीतसर नोंद होते. परंतु देवळांच्या आवारातील वीरगळ, बांधावरील म्हसोबा, पालख्यांच्या विसाव्याचे पार आणि मेंढरांच्या वाटा यांचा स्वतंत्र, सचित्र दाखला कोणीतरी तयार करावयास हवा. डेक्कन कॉलेज आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन्ही संस्था आमच्याच शहरात आहेत. मोजणीदारांची साखळी शेतात पडण्यापूर्वी त्यांची माणसे तेथे पोहोचली पाहिजेत.